कुंडलरोड ते आटपाडी : पगार आणि कसब यांचा हिशेब

गावोगावच्या शेतकरी मेळाव्यांत बियाण्यांची आणि खतांची चौकशी होतेच. पण हल्ली सभा संपली, चहाचे कप फिरू लागले की एखादे गृहस्थ हळूच जवळ सरकतात आणि विचारतात, "साहेब, पोराला कशाला घालावं? नोकरीच्या मागं लावावं, का हातात काही कसब द्यावं? पैसा कशात आहे?"

या प्रश्नाला खुर्चीत बसून उत्तर देणे सोपे आहे. पण सांगली जिल्ह्यात असा एक रस्ता आहे की, त्या रस्त्याने किर्लोस्करवाडीपासून आटपाडीपर्यंत डोळे उघडे ठेवून गेले तर निम्मे उत्तर वाटेतच सापडते. या हिवाळ्यात मी तो रस्ता मुद्दाम पायाखाली घातला. जे पाहिले, ऐकले आणि कागदावर मांडून पाहिले ते वाचकांपुढे ठेवतो.

निवडुंगाच्या माळावरचा कारखाना

पुणे-मिरज रेल्वेमार्गावर किर्लोस्करवाडी हे स्टेशन आहे. पूर्वी त्याचे नाव कुंडलरोड होते. १९१० साली औंध संस्थानच्या राजेसाहेबांनी येथली ३२ एकर माळजमीन लक्ष्मणराव किर्लोस्करांना दिली. तेव्हा तिच्यावर निवडुंग आणि साप यांचेच राज्य होते. आज तेथे पंप तयार होतात आणि देशोदेशी जातात.

आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने लक्ष्मणरावांची कथा फार बोलकी आहे. ते मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक होते. म्हणजे पांढरपेशी, पगाराची, मानाची नोकरी होती. बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलून दुसऱ्याला जागा मिळाली. त्यांनी नोकरी सोडली, बेळगाव गाठले आणि सायकलींचे दुकान थाटले. पुढे कडबा कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर केला. हा नांगर आधी कोणी घेईना. लोखंडाने जमिनीला विष बाधते, असा समज होता. पहिला नांगर विकायला दोन वर्षे लागली.

पुढचे यश आपण सांगतो, पण ही दोन वर्षे सांगत नाही. पगारदाराला महिना भरला की पैसे मिळतात. कसबाच्या माणसाला आधी थांबावे लागते आणि त्या काळात घर चालवावे लागते. पुढच्या साऱ्या हिशेबात ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

या कारखान्याच्या आधाराने आजूबाजूच्या गावांत फिटर, टर्नर, साचे करणारे आणि ओतकाम करणारे यांच्या पिढ्या तयार झाल्या. शेतकऱ्याच्या मुलाने लेथवर उभे राहणे या भागात कमीपणाचे मानले गेले नाही. ही हवा असेल तरच कसब रुजते. "हाताने काम करतो" असे सांगताना बापाचा आवाज खाली गेला की पोरगा ते बरोबर ओळखतो.

येरळेपलीकडचा मुलूख

पलूस सोडून विट्याची वाट धरली की थोड्याच वेळात उसाची हिरवाई मागे पडते आणि येरळा लागते. ही नदी वर्षातला बराच काळ वाळूचीच असते. याच नदीवर बलवडीजवळ १९८० च्या दशकात शेतकऱ्यांनी चळवळ करून, स्वतः राबून बळीराजा धरण बांधले. सरकार करील तेव्हा करील, असे म्हणत न बसणारी ही माणसे आहेत.

येरळेपलीकडे खानापूर आणि आटपाडी हे तालुके लागतात. पाऊस कमी, तोही लहरी. सह्याद्रीच्या आडोशाला पडलेला हा मुलूख. १९७२ च्या दुष्काळाची आठवण येथल्या म्हाताऱ्यांच्या बोलण्यात अजून ताजी आहे. अशा जमिनीवर घरातल्या चार भावांचे पोट भरत नाही. मग एकाने शेती पाहायची आणि बाकीच्यांनी बाहेर पडायचे, अशी रीत पडली.

बाहेर पडणारे पुष्कळ होते. पण या भागाने एक वेगळेच कसब उचलले. ते म्हणजे सोन्याचांदीची गलाई. काश्मीरपासून केरळपर्यंत कोणत्याही मोठ्या सराफ बाजारात जा. एखाद्या अरुंद बोळात, जिना चढून गेलात तर भट्टीपाशी बसलेला माणूस विटा, खानापूर, आटपाडी किंवा तासगाव भागातला निघण्याचा संभव फार. त्याचा मुलगा तमिळ किंवा बंगाली सफाईने बोलतो आणि घरात मात्र माणदेशी मराठी.

गलाई म्हणजे काय

जुने दागिने मोडीत येतात. त्यांत तांबे, चांदी आणि डाग यांची भर असते. गलाईवाला ते मुशीत वितळवतो. त्यात आणखी चांदी मिसळून सोन्याचा भाग साधारण चौथाईवर आणतो. तो रस पाण्यात ओतून त्याचे बारीक दाणे पाडतो आणि ते नत्राम्लात, म्हणजे तेजाबात उकळतो. चांदी आणि तांबे विरघळतात. सोने तेवढे तपकिरी भुकटीच्या रूपाने तळाशी उरते. ते धुऊन, टाकणखार घालून पुन्हा वितळवले की शुद्ध सोन्याची लगड मिळते. उरलेल्या पाण्यात तांब्याच्या पट्ट्या ठेवल्या की चांदीही परत मिळते.

ऐकायला सोपे आहे. पण टंच किती, हे अचूक सांगणे आणि वजनात घट येऊ न देणे यातच सारी विद्या आहे. २०२५ साली सोने दहा ग्रॅमला लाख रुपयांच्या पुढे गेले. म्हणजे ग्रॅमला दहा हजार. शंभर ग्रॅमच्या कामात अर्धा ग्रॅम इकडेतिकडे झाला तर पाच हजार रुपये गेले. मजुरी ग्रॅमवर मोजून मिळते, पण चूक झाली तर सोन्याच्या भावाने भरून द्यावी लागते.

हे शिकायला शाळा नाही. पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा चुलत्याच्या, मामाच्या किंवा गाववाल्याच्या दुकानात जातो. खाणे-राहणे तिथेच. सुरुवातीची वर्षे झाडलोट, भट्टी पेटवणे, माल पोचवणे. वर्षाकाठी ठरलेली रक्कम घरी पोचते. पाच-सात वर्षांनी हात बसला आणि सराफांचा विश्वास मिळाला तर तो स्वतःची भट्टी मांडतो. पाच-सात वर्षे शिकून सगळेच मालक होत नाहीत, हे मात्र सांगायला पाहिजे.

वाडा दिसतो, धूर दिसत नाही

विट्याच्या आसपासच्या गावांत गलाईच्या पैशावर उठलेली दुमजली-तिमजली घरे दिसतात. त्यांतली कित्येक वर्षातून दहा महिने कुलपात असतात. गावच्या जत्रेला आणि दिवाळीला दारे उघडतात, अंगणात परराज्यांच्या पाट्यांच्या मोटारी लागतात. शाळेला, देवळाला, तालमीला वर्गणी द्यायला ही माणसे हात आखडत नाहीत. मग पाहणाऱ्याला वाटते की आपल्यालाही पोराला तिकडेच पाठवले पाहिजे.

अशाच एका घराच्या ओट्यावर एक वयस्कर गलाईवाले भेटले. सगळे त्यांना तात्या म्हणत होते. चाळीस वर्षे दक्षिणेत काढून ते गावी परतले होते. मी घराची स्तुती केली तसे ते म्हणाले, "साहेब, घराकडं बघून पोरगं पाठवू नका. वाडा दिसतो, धूर दिसत न्हाई."

त्यांचे म्हणणे अक्षरशः खरे आहे. तेजाबात धातू विरघळताना तांबूस-तपकिरी वाफ निघते. ती विषारी असते. ती फुप्फुसात गेली तर त्रास कधी कधी लगेच जाणवत नाही. काही तासांनी दम कोंडतो. धूर ओढून घेणारी चिमणी, पंखा आणि योग्य मुखपट्टी यांच्याशिवाय कोंदट खोलीत हे काम करणे म्हणजे आयुष्य विकून मजुरी घेणे होय. रुमाल बांधून ही वाफ अडत नाही. घरचे कोणी या धंद्यात असेल तर एवढे तरी त्याला आवर्जून कळवा.

तात्यांच्या शेजारी काकू बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "मी धा वर्सं तिकडं एका खोलीत काढली. बोली कळंना, माणूस कळंना. मग पोरांच्या शाळंसाठी हिकडं आले. मग ह्यांचं जेवण तिकडं आन् माझी शेती हिकडं." कमाईच्या कोणत्या रकान्यात हे लिहायचे?

धंद्याला सरकारी हुकमाचाही फटका बसतो. १९६३ च्या जानेवारीत सुवर्ण नियंत्रणाचे नियम आले. चौदा कॅरटहून अधिक शुद्ध सोन्याचे नवे दागिने घडवण्यावर बंदी आली आणि सोन्याच्या कामावर जगणाऱ्या असंख्य कारागिरांच्या भट्ट्या थंडावल्या. पुढे १९६८ चा कायदा आला. तो १९९० मध्ये रद्द झाला. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी झाली तेव्हा भट्टी बंद म्हणजे मिळकत बंद, असे झाले. माझ्यासारख्या सरकारी पगारदाराचा पगार त्या महिन्यात टप्प्याने का होईना, आला. हा फरक लहान नाही.

रेणावीच्या घाटात एक हिशेब

विट्याहून खानापूरकडे जाताना रेणावीचे रेवणसिद्धाचे स्थान लागते. झाडांच्या सावलीत चार तरुण पुस्तके घेऊन बसले होते. चौघेही पदवीधर, चौघेही स्पर्धा परीक्षांची तयारी करणारे. एकाला सहा वर्षे झाली होती. त्याची थोरली बहीण सासरी, वडील एकटे शेतावर. "एका मार्काने गेली," तो म्हणाला. त्याच्या चेहऱ्याकडे पाहून पुढे विचारवेना.

वाचकहो, परीक्षेला बसणे चूक नाही. पण आकडे समोर ठेवून बसावे. २०२३ च्या तलाठी भरतीत साडेचार हजारांवर जागा होत्या आणि अर्ज दहा लाखांच्या वर. म्हणजे सुमारे दोनशेंत एक. राज्याच्या नोकरीसाठी वयाची मर्यादा खुल्या वर्गाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ वर्षे आहे. उशिरा शिकणाऱ्याला ही सवलत उपयोगी पडते. पण तिच्यामुळे आशेची दोरीही लांबते आणि घरातले कर्ते वय तिच्या टोकाशी लटकत राहते.

आता दोन भावांचा हिशेब मांडून पाहू. यातले आकडे समजुतीसाठी धरले आहेत. आपापल्या घरचे आकडे घालून प्रत्येकाने तो पुन्हा करावा.

थोरला अठराव्या वर्षापासून सहा वर्षे शहरात राहून पदवी आणि परीक्षेची तयारी करतो. महिना दहा हजार रुपये खर्च धरला तर सहा वर्षांत ७ लाख २० हजार रुपये घरातून गेले. धाकटा त्याच वयाला आयटीआयला जातो, दोन वर्षांत इलेक्ट्रिशियन होतो आणि विसाव्या वर्षी कमवू लागतो. महिना पंधरा हजार धरले तर पुढच्या चार वर्षांत त्याने ७ लाख २० हजार कमावले. चोविसाव्या वर्षी दोघांत १४ लाख ४० हजारांचे अंतर पडले. आयटीआयचा खर्च आणि धाकट्याचा घरखर्च सोयीसाठी सोडून दिला आहे.

आता थोरल्याला तलाठ्याची जागा मिळाली असे समजा. सातव्या वेतन आयोगाप्रमाणे मूळ पगार २५,५०० रुपयांपासून सुरू होतो. महागाई भत्ता आणि घरभाडे धरून हाती चाळीस हजार समजू. धाकटा तोवर पंचवीस हजारांवर आला असेल. फरक दरमहा पंधरा हजार. या फरकाने १४ लाख ४० हजार भरून निघायला ९६ महिने, म्हणजे आठ वर्षे लागतात. बत्तिसाव्या वर्षी थोरला बरोबरीला येतो आणि तेथून पुढे जातो. त्याला भरपगारी रजा आहे, आजारपणाचा आधार आहे, वेतनवाढ आहे.

म्हणून जागा मिळाली तर पगाराची नोकरी कमाईने चांगली, हे मोकळेपणाने कबूल केले पाहिजे. पण हा हिशेब दोनशेंतल्या एकाचा आहे. उरलेल्या १९९ जणांच्या वहीत सात लाखांचा खर्च आहे आणि समोर जमा काही नाही. प्रश्न त्यांचा आहे.

आणखी एक गोष्ट. सगळीच पांढरपेशी कामे तलाठ्याच्या पगाराची नसतात. प्राथमिक शिक्षण सेवकाचे मानधन २०२३ पासून दरमहा १६,००० रुपये झाले. त्याआधी ते ६,००० होते. डी.एड. होऊन, परीक्षा देऊन, तीन वर्षे या मानधनावर काढायची. खासगी कचेऱ्यांतून आणि विनाअनुदानित शाळांतून याहून कमी पगारावर इस्त्रीचे कपडे घालून जाणारे कितीतरी आहेत. त्याच गावातला चांगला वेल्डर द्राक्षांच्या मांडवाच्या हंगामात त्यांच्यापेक्षा जास्त कमावतो. पण मुलगी द्यायची वेळ आली की आपण इस्त्रीकडे पाहतो!

पाणी आले, कामे आली

खानापूर मागे टाकून भिवघाटातून आटपाडीकडे गेलो. ग. दि. माडगूळकर आणि व्यंकटेश माडगूळकर या बंधूंचा हा तालुका. खरसुंडीच्या सिद्धनाथाच्या पौषी यात्रेत खिलार जनावरांचा मोठा बाजार भरतो. पूर्वी या वाटेवर मेंढरे आणि बाभळी एवढेच दिसे. आता डाळिंबाच्या बागा दिसतात, पाइप अंथरलेले दिसतात.

हे टेंभू योजनेचे पाणी. कराडजवळ टेंभूला कृष्णेचे पाणी उचलून ते टप्प्याटप्प्याने या पठारावर आणले आहे. क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी यांनी १९९३ पासून आटपाडीतून उभी केलेली पाणी संघर्ष चळवळ यामागे आहे. ज्या कोरडेपणाने माणसे घराबाहेर काढली, तो काही प्रमाणात तरी हटला आहे.

मी शेतीखात्याचा माणूस. मला या पाण्यात पिकाबरोबर आणखी एक गोष्ट दिसली. पाणी आले की मोटार येते, आणि मोटार जळते. ऐन उन्हाळ्यात मोटार बांधून देणाऱ्याच्या दारात शेतकरी रांग लावून बसतात आणि तिकडे बाग माना टाकते. ठिबकच्या नळ्या जोडणारा, फवारणीचा पंप आणि ब्लोअर दुरुस्त करणारा, ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकचे काम जाणणारा, सौर पंपाची मांडणी करणारा, शीतगृहाचे यंत्र समजणारा, या सगळ्यांना आज आपल्याच तालुक्यात काम आहे. चांगला माणूस मिळत नाही म्हणून आपण अर्धवट माणसाला दुप्पट पैसे देतो.

म्हणजे पूर्वी कसबासाठी पोराला केरळात पाठवावे लागे. आता कसब घेऊन तो घरी राहू शकतो. आपली दोन एकर जमीन सांभाळून, आईच्या हातची भाकरी खाऊन. घरभाडे नाही, खाणावळ नाही. ही बचत कोणी कमाईत धरत नाही, पण शहरातल्या पंचवीस हजारांपेक्षा गावातले अठरा हजार कधी कधी जास्त शिल्लक टाकतात.

घरी बसून करायच्या गोष्टी

या फेरीतून जे हाती आले ते थोडक्यात सांगतो.

१. पहिला पगार किंवा शेजाऱ्याचा वाडा पाहून ठरवू नका. शिकण्याची व वाट पाहण्याची वर्षे, भांडवल कोणाचे, वर्षातून काम किती दिवस, शरीराची झीज किती आणि आजारी पडल्यावर पैसे येतात का, ही पाच घरे वहीत आखा आणि दोन्ही वाटांचे आकडे भरा.

२. परीक्षा द्यायची तर मुदत आधी ठरवा. दोन वर्षे किंवा तीन. आणि मुलाच्या हाती आधी एक कसब असू द्या. इलेक्ट्रिशियन, फिटर, टर्नर हे अभ्यासक्रम दोन वर्षांचे, वेल्डर आणि डिझेल मेकॅनिक एक वर्षाचे. आयटीआयच्या काही व्यवसायांना दहावी नापासही चालतो. आयटीआय होऊनही पुढे परीक्षा देता येते. तीस वर्षांचा झाल्यावर मात्र नवे कसब शिकणे जड जाते.

३. कसबाला पाठवायचे म्हणून शाळा सोडवू नका. दहावी झालेला कारागीर माप, बिल, करार आणि बँकेचा कागद वाचू शकतो. न वाचता येणारा कितीही हुशार असला तरी दुसऱ्याच्या दुकानात राहतो.

४. कारागिराला पेन्शन नसते, ती त्याने स्वतः करायची असते. १८ ते ४० वयात अटल पेन्शन योजनेत नाव घातले तर साठीनंतर दरमहा १,००० ते ५,००० रुपये मिळतात. आयकर भरणाऱ्याला मात्र ती खुली नाही. सोबत अपघात विमा घ्या. हंगामात आलेला पैसा एकदम घरात घालू नका.

५. १७ सप्टेंबर २०२३ पासून सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत लोहार, सुतार, गवंडी, सोनार, कुंभार, शिंपी यांसह १८ पारंपरिक व्यवसाय आहेत. प्रशिक्षण, अवजारांसाठी १५,००० रुपये आणि ५ टक्के व्याजाने आधी १ लाख व नंतर २ लाखांपर्यंत कर्ज मिळते. आपले काम त्यात बसते का, हे ग्रामपंचायतीत विचारा.

६. मुलींना या हिशेबाबाहेर ठेवू नका. मोटार बांधणे, सौर पट्ट्या जोडणे, यंत्र दुरुस्ती यांत ताकदीपेक्षा नेटकेपणा लागतो.

आपले वाडवडील उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी म्हणत. काळाने हा क्रम उलटा केला आणि कारागिराला तर त्यात कधी जागाच नव्हती. वास्तविक बलुतेदारांच्या हातावाचून आपले एक वर्षही निभले नसते. पुढच्या वेळी दारात मोटार बांधणारा मुलगा आला, तर त्याला ओट्याखाली उभा ठेवू नका. बसायला घोंगडे टाका, चहा द्या आणि त्याच्या कामाचे पैसे त्याच दिवशी चुकते करा. आपला मुलगा ते पाहत असतो. कसबाच्या वाटेने जायचे की नाही, हे तो आपल्या उपदेशावरून ठरवणार नाही. आपण त्या मुलाला कसे वागवले यावरून ठरवील.